उजवी पट्टी

"कांडी उजवीकडं कर," प्रेरणा म्हणाली.

समतानं रिमोटची कांडी उजवीकडं ढकलली. विमानाच्या उजव्या पंखामागची पट्टी वर उचलली जायला हवी होती. ती खाली गेली.

समताची नजर रिमोटवर होती. प्रेरणा पंखावर वाकलेली तशीच राहिली.

संग्रामपुरात समताचं फ्लेक्स बोर्डांचं दुकान होतं. उरल्यासुरल्या सनबोर्डातून, म्हणजे फोमच्या हलक्या तक्त्यांतून, तिनं चार महिने खपून हे विमान कापलं होतं. प्रेरणा आयटीआयमध्ये विजेचं काम शिकवायची. "सर्वो तूच बसव," असं म्हणत समता पंख घेऊन तिच्या दारात आली होती. सर्वो म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या आगपेटीएवढ्या मोटरी. प्रेरणानं आधी टाळाटाळ केली, मग बसवले.

सहा वर्षांपूर्वीही तिनंच बसवले होते. ते पहिलं विमान शाळेच्या मैदानावरून उडालं आणि डावीकडं कललं. समता सावरायला गेली, तसं ते आणखीच कललं आणि शेजारच्या तुरीत कोसळलं. निम्मं गाव बघायला जमलं होतं. "मीच घाबरली," समता सगळ्यांसमोर म्हणाली. तेव्हापासून लोक तिला 'पायलट' म्हणून चिडवायचे. तीही हसायची. विमानाला मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही, तो थेट यंदा.

मोडलेल्या विमानातले सर्वो काढायला प्रेरणानं ते घरी नेलं, तेव्हा तिला दिसलं की पट्ट्या उलट्या जोडल्या होत्या. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आत्ताही रिमोट मागून घेऊन त्यावरचं दिशा उलटवणारं बारीक बटण सरकवलं की काम भागलं असतं. समताला कळलंही नसतं.

"समता, इकडं पाह्य," प्रेरणा म्हणाली. "हे उलटं चालून राह्यलं. तवाही असंच झालं होतं. तू नव्हती घाबरली. मी चुकली होती."

समतानं ते बारीक बटण सरकवलं, कांडी हलवली. पट्टी वर गेली. मग तिनं दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोललं. शेपूट झुकलं.

"बॅटरी जराशी पुढं घे," ती म्हणाली.

प्रेरणानं बॅटरी बोटभर पुढं सरकवली. विमान बोटांवर आडवं, स्थिर राहिलं.

सोयाबीन काढलेल्या वावरात प्रेरणा विमान घेऊन धावली आणि तिनं ते सोडलं. ते डावीकडं कललं. समतानं कांडी उजवीकडं केली. विमान सरळ झालं आणि सातपुड्याच्या दिशेनं चढत गेलं. चार फेऱ्या मारून ते अलगद मातीवर घसरत थांबलं.

प्रेरणानं ते उचलून आणलं. "मी चुकली म्हटलं, त्यावर तू काहीच बोलली नाही."

"मले मालूम होतं," समता म्हणाली. "तुरीतून उचललं तवा बॅटरी चालूच होती. कांडी हलवून पाह्यली मी."

"मंग सहा वर्सं लोकायचं काऊन ऐकून घेतलं?"

समतानं पंखावरची माती हातानं पुसली.

"तवा सांगतलं असतं, तर आज सर्वो बसवाले तू तयार झाली असती का?"