भिंतीवरचा कोड

रतनबाई गेल्याचं दवाखान्यातून कळलं, तेव्हा तिचा नवरा महिपती तिकोणा पेठेतल्या त्यांच्या होमस्टेवर किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या भाकऱ्या थापत होता.

दिवसपाणी उरकलं आणि पुन्हा पाहुणे येऊ लागले. वायफायसाठी रतनबाईने भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड होताच. पण एका मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर तो स्कॅन होईना.

"आबा, पासवर्डच सांगा ना."

"मला न्हाई म्हाईत, पोरी. वायफाय बसवलं तवा तिनंच टाकलाय. कुणी इचारलं की पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, कोड लावलाय न्हवं भिंतीवर? मंग मला कशाला बोलायला लावताय?"

मुलीने आधी मोबाइलवर कोड स्कॅन केला, मग सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड उघडला.

"महिपती," तिने वाचलं. "आबा, हे महिपती कोण?"

"मीच की."



लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर रतनबाईने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते पुन्हा एकदा तिच्याकडून ऐकायचं राहून गेलं.