पहिल्या नंबरचं घड्याळ

"उद्या परेड आहे. तोवर हे चालू व्हायला हवं," म्हणत वडिलांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं.

थोरल्याने भिंग डोळ्याला लावलं. आजोबांचं चावीचं घड्याळ. सैन्यभरतीच्या आधी वडिलांनी घरात जाहीर केलं होतं, दोघांपैकी जो धावण्यात पहिला येईल त्याच्या मनगटावर हे चढेल. आता ते धाकट्याच्या मनगटावर चढणार होतं, आणि दुरुस्त करायला मात्र थोरला हवा होता, कारण घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याचं.

"जमेल ना?"

"घड्याळं जमतात मला."

वडिलांना टोमणा कळला नाही. प्रशिक्षण पुरं करून धाकटा शिपाई होणार, यापलीकडे हल्ली त्यांना काही सुचतच नव्हतं.

थोरला-धाकटा हे नुसतं म्हणायला. दोघे जुळे होते, अगदी एका साच्यातले. शेजारीपाजारी अजूनही एकाला हाक मारून दुसऱ्याशी बोलत. फरक पडला तो भरतीच्या दिवशी. वय उलटत आलेलं, दोघांचीही ती शेवटची संधी. सकाळच्या तुकडीत धाकट्याच्या नंबराने मैदान मारलं. दुपारच्या तुकडीत थोरल्याचे पाय जे जड झाले ते झालेच. त्याने कशीबशी फेरी पुरी केली आणि कडेला जाऊन ओकला. तेव्हापासून घरात एक हिरो आणि एक घड्याळवाला.

घड्याळ साफ करून, तेल देऊन झाल्यावर त्याने एक बारीकसा स्क्रू मुद्दाम सैल ठेवला. आठवड्याभरात बंद पडलं असतं. त्याने झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. बंद पडलं तर बोल त्यालाच लागणार होता, धाकट्याला नव्हे. स्क्रू आवळून त्याने दुकान बंद केलं.

घरी आई बॅग भरता भरता शेजारणीला तीच गोष्ट पुन्हा सांगत होती.

"अंग नुसतं फणफणलं होतं पोराचं. मी म्हटलं, जाऊ नकोस. तर गेला आणि पहिला आला." मग थोरल्याकडे वळून, "तू होतास ना तिथे? सांग की यांना."

"चांगला धावला," थोरला म्हणाला.

"सख्ख्या भावाचं कौतुक, तेही मोजून-मापून!" शेजारीण हसली. "पोटात दुखतंय वाटतं."

दुखत होतंच. भिंतीवर गणवेशातल्या धाकट्याचा फोटो होता. त्या टोपीखाली आपलाच चेहरा दिसतो, याचा थोरल्याला सगळ्यात जास्त राग येत असे. तो शर्टाला इस्त्री करायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी भरून गेलं होतं. बँड वाजत होता. रांगांमधून आपला कुठला ते आईला ओळखता येईना, तेव्हा थोरल्याने बोट दाखवलं. धाकटा चालत होता मात्र झोकात. हे कबूल करावं लागलं म्हणून थोरला आणखीच जळला.

परेड सुटली. पांढऱ्या हातमोज्यांतला धाकटा धावत आला, आईच्या गळ्यात पडला. वडिलांनी डबी उघडली.

"घे. पहिल्या नंबरचं बक्षीस."

धाकट्याने सॅल्यूट ठोकला. आजूबाजूच्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे त्याला पट्टा लावता येईना.

"दादा, तू लाव ना."

थोरला पुढे झाला. पट्टा अडकवता अडकवता त्याने भावाच्या डोळ्यांत पाहिलं. आज तरी हा सगळ्यांसमोर काही बोलेल, असं त्याला सकाळपासून वाटत होतं. घड्याळ टिकटिकत होतं. आई डोळे पुसत होती.

धाकट्याने एकदा आईवडिलांकडे पाहिलं आणि तो थोरल्याच्या कानाशी झुकला.

"दादा, त्या सकाळी मी झाडाखाली तापाने पडून होतो आणि छातीवर माझा नंबर लावून तू धावलास, हे अजून कोणाजवळ बोलला नाहीस ना?"