ऑटोतली डायरी

घरी बायको ऐकेल, ऑफिसात टीम. म्हणून नागपूरकर श्रीरंग आपली डायरी बंगळुरूतल्या रोजच्या ऑटोत फोनमधल्या एआयला सांगायचा. ऑटोवाल्याशी तो हिंदीत बोलायचा. बंगळुरूच्या माणसाला मराठी कुठून कळणार? आज राजाजीनगरच्या सिग्नलवर श्रीरंग फोनला सांगत होता, “उद्या आईचं ऑपरेशन. दादाला सांगितलं, सुट्टी मिळत नाही. खरं तर मी मागितलीच नाही. तिला तसं पडलेलं बघायची भीती वाटते.” फोन शांतपणे म्हणाला, “आठवडाभर हे मलाच सांगताय. दादांना कधी सांगणार?” श्रीरंगनं फोन खिशात टाकला, काढला, पुन्हा टाकला. सिग्नल सुटला, पण ऑटो कडेला जाऊन थांबला. “क्या हुआ, भैया?” श्रीरंग वैतागला. इंजिन बंद करून ऑटोवाला मागं न वळता म्हणाला, “स्वल्प थांबतो, अण्णा. दादांना फोन लावा. मला मराठी येत नाही, असं समजा.”