सूचक : सौ. द्वारका भिसे

नगरपालिकेच्या शिपायाने नेहमीप्रमाणे घरी येऊन द्वारकाबाईंपुढे रजिस्टर उघडलं. "बाई, कालच्या सभेची सही."

"काल सभा होती? मी तर दिवसभर गच्चीवर पापड वाळवत होते."

"तुम्ही हजर आहात की. तुमच्या खुर्चीत अण्णा बसले होते."

अण्णा म्हणजे बाईंचे यजमान. बाई नगरसेविका होऊन तीन वर्षं झाली, पण सभागृह त्यांनी पाहिलं नव्हतं. शिपाई बोट ठेवील तिथे सही करायची, एवढंच त्यांचं काम. आज मात्र नजर बोटाच्या वर गेली. भाजीबाजारात होणारं बायकांचं स्वच्छतागृह रद्द, त्या जागी पार्किंग. सूचक : सौ. द्वारका भिसे.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं त्याच बाजारात त्यांनी मेथी-कोथिंबीर विकली होती. जायला जागा नाही म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. मतं मागितली तीसुद्धा ह्याच स्वच्छतागृहासाठी. त्यांनी रजिस्टर काखोटीला मारलं आणि पायात चपला सरकवल्या.

"बाई, रजिस्टर असं बाहेर नेता येत नाही!" शिपाई मागे धावला.

"घरोघरी फिरवता येतं ना?"

भर बाजारात उभं राहून त्यांनी ठराव खणखणीत आवाजात वाचला.

"कुणाच्या डोक्यातनं निघालं गं हे?" लिंबंवाली कडाडली.

द्वारकाबाईंनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "माझं नाव आहे. घरी बसून सह्या केल्या ना! आता चला सगळ्या, माझ्या खुर्चीतनं नवऱ्याला उठवायचंय."