भर दिसली पाहिजे

“ही पाटी खोटी आहे, दादा.”

बहिणीकडे न बघता दादा रुमालाने काच पुसत राहिला. तो संग्रहालयाचा संचालक. उद्या या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. “बाबा गेल्यावर यायला वर्ष लावलंस, आणि आल्या आल्या हे!”

“मला कळवलंस कधी? सगळं आटोपल्यावर.”

काचेमागे दोन सांगाडे शेजारी शेजारी उभे होते. डावा निअँडरथलचा, उजवा आपल्यासारख्या माणसाचा. मधे पाटी: ते नामशेष झाले, कारण त्यांना एकमेकांची साथ नव्हती. आपण टिकलो, कारण आपण दुबळ्यांना सांभाळलं.

“हा बघ.” तिने डावीकडे बोट रोखलं. “हात मोडून पुन्हा सांधलाय. दात पडून खोबण्या कधीच बुजल्यात. कुणीतरी याला वर्षानुवर्षं मऊ करून भरवलंय. आणि म्हणे साथ नव्हती!”

“मग संपले कशाने?”

“मुळात थोडे, त्यात विखुरलेले. हवा बिघडली, शिकार आटली, वर आपण येऊन टपकलो. नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण माया नव्हती म्हणून खास नाही.”

“अगदी बाबांसारखी तणतणतेस.” दादा हसला. “लोकांना चार ओळी लागतात गं, प्रबंध नाही. बाबांनी होतं नव्हतं ते, अगदी स्वतःलासुद्धा, या दालनाला दिलं. दारावर त्यांचं नाव लावतोय. आणखी काय करू?”

बाबांनी जन्मभर हाडं जुळवली. त्यांचा एकच हट्ट होता: तुटल्या जागी प्लास्टर भरलं तर ते पांढरंच ठेवायचं. भर दिसली पाहिजे, नाहीतर ती लबाडी. डाव्या सांगाड्यावर असे पांढरे ठिपके जागोजागी होते. उजव्यावर एकही नव्हता.

तिने काचेचं दार सरकवलं.

“हात लावू नकोस!” दादाचा आवाज चढला.

तिने उजव्या सांगाड्याच्या खुब्यावरून नख ओढलं. हाडाच्या रंगाचं प्लास्टर भुरभुरलं. आत हाड मोडलेलं होतं, कडा किंचित बोथट झालेल्या.

“खुबा मोडल्यावर काही आठवडे जीव होता.” संतापाने तिचा आवाज अगदी खाली आला. “उपचार नाहीत. नुसतं पडून राहायचं. याला रंग कुणी द्यायला लावला, दादा?”

दादा पाटीकडे बघत राहिला.

तिने त्या सांगाड्याचा हात हातात घेतला.

“बाबा,” ती म्हणाली, “दादा मला फोनवर म्हणाला, तुम्ही झोपेत गेलात.”