चार नंबरची विहीर

कापड रंगवणाऱ्या त्या कारखान्याचा पाणीउपशाचा वार्षिक तक्ता गेली सहा वर्षं कारकूनबाईच भरत होत्या. नदीतून किती उचललं, कुठल्या विहिरीतून किती उपसलं, सगळं खरंखुरं. फक्त चार नंबरची विहीर कधीच बुजवून टाकलेली. तिच्यापुढे बाई मागल्या वर्षीचाच आकडा जरा वरखाली करून ठोकून द्यायच्या. फाइल हाती देताना आधीच्या कारकुनाने तसंच शिकवलं होतं.

यंदा मात्र तपासणीचे साहेब खुर्चीत टेकलेच नाहीत. "नवा नियम आलाय, बाई. प्रत्येक विहिरीपाशी मी उभा, असा फोटो लागतो. चला."

एक झाली, दोन झाली, तीन झाली. बाई चार पावलं मागेच राहू लागल्या. नोकरी तर गेलीच, वर पोलिसांत नाव गेलं तर घरी सासूबाईंना काय तोंड दाखवायचं?

स्कूटर लावायच्या शेडमध्ये साहेब थांबले. "आणि चार नंबर कुठंय?"

"साहेब... तुम्ही तिच्यावरच उभे आहात."

साहेबांनी पायाखालच्या काँक्रीटकडे पाहिलं. मग घाईघाईने स्वतःची फाइल उघडली, आणि पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा पार उतरला. बाईंनी हळूच डोकावलं. सहाही वर्षांच्या पानांवर साहेबांच्याच अक्षरात, सहीनिशी लिहिलं होतं: 'चार नंबरची विहीर प्रत्यक्ष पाहिली. पाणी नितळ.'

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला.



"बाई, आटलेल्या विहिरीला फोटो लागत नाही. यंदा आटवू, पुढच्या वर्षी बुजवू."