पडीक तुकडा

तपासणीला आलेले साहेब बांधावर थांबले आणि बुटाच्या टोकाने हिरव्या पात्यांकडे दाखवत म्हणाले, "हे काय उगवलंय?"

ते काय आहे, हे सुनेलाही आत्ताच, त्यांच्याबरोबरच दिसलं होतं. गहू. बोटभर उंचीचा. समोरून पाहिलं तर गवतच वाटावं असा. पण जरा डावीकडे सरकलं की ओळी दिसत होत्या, पट्टी ठेवून आखल्यासारख्या. ती झटकन साहेबांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली.

हा तुकडा सरकारसाठी पडीक ठेवायचा होता. जमिनीला विसावा म्हणून काही पेरायचं नाही, आणि न पेरल्याबद्दल दरवर्षी अनुदान घ्यायचं. पेरलेलं सापडलं तर आजवर घेतलेले सगळे पैसे परत. ते आता आणायचे कुठून? थोडे नवऱ्याच्या दुखण्यात गेले, उरलेले घरावरच्या पत्र्यांत. पत्रे काय उचकटून देणार होती?

मागे सासरे उभे होते. बसल्या जागी पगार फक्त जावयालाच मिळतो, अशी या अनुदानाची थट्टा करत आलेला माणूस. पोत्याच्या तळाशी राहिलेलं बी घेऊन ते गुपचूप इकडे कधी आले होते, देव जाणे. बरं, पेरायचंच होतं तर नुसतं फेकून तरी द्यायचं. पण त्यांच्या हाताला वेडंवाकडं काही जमतच नव्हतं.

"गवत आहे," ती म्हणाली.

"काय हो आजोबा?"

"गवतच," सासरे म्हणाले.

साहेब तरुण होते आणि बोलायला गोड होते. त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. गवत असेल तर फवारून टाका, म्हणाले. तणनाशक घरात असेलच. आत्ताच उरकून घ्या, मी थांबतो, म्हणजे मलाही सही करून मोकळं होता येईल. त्यांनी पेनाचं टोपणही काढलं.

फवारायला तीच गेली असती, पण ती जागा सोडायची तिची छाती होईना. सासरे स्वतःच गेले आणि पंप भरून पाठीवर घेऊन आले.

त्यांनी फवारायला सुरुवात केली. सासरे दोन ओळींच्या मधून चालत होते. टोकापर्यंत सरळ गेले, वळले, शेजारच्या दोन ओळींच्या मधून परत आले. पात्यांवर औषध मारत होते आणि एकही पातं पायाखाली येऊ देत नव्हते. जन्मभराची सवय, त्यांना ते कळतही नसावं. साहेब एकटक त्या पायांकडे बघत होते. आता त्यांना डावीकडे सरकायची गरजच नव्हती.



"मामंजी," तिने हाक मारली. "आडवे चला."

सासरे थांबले. मग फिरून बांधापाशी आले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पायातल्या चपला काढून त्यांनी बांधावर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. पातं पायाखाली येत होतं, आणि ते पाऊल टेकवून टेकवून आडवे चालले होते.

साहेबांचं पेन सहीच्या जागेवर आलं होतं, ते थांबलं.

"चपला का काढल्या त्यांनी?"

"नव्या आहेत," ती म्हणाली.

साहेबांनी खाली पाहिलं. चपलांच्या टाचांना भोकं पडली होती, आणि त्यातून बांधाची माती दिसत होती.